मामांची ट्रंक भंगारात जाण्याआधी

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. प्रश्न विचारणाऱ्यांच्या मामांनी निपाणीत १९९१ ते २००३ कॉम्प्युटर क्लास चालवला. क्लासच्या मागच्या खोलीत टीव्हीवरचे व्हिडिओ गेम तासाच्या भाड्याने खेळायला मिळत. मामांनी शाळकरी मुलांसाठी मराठी शब्दांचा एक गेम स्वतः बनवला आणि फ्लॉपीवर घालून चिक्कोडी, संकेश्वर, गडहिंग्लजपर्यंतच्या शाळांना विकला. आता जुनं घर उतरवायचं आहे. माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली आहे. तिच्यात दीडेकशे फ्लॉप्या, गेमच्या कॅसेटी, दोन वह्या आणि बिलबुकं आहेत, शेजारी एक जुना ३८६ कॉम्प्युटर आहे. दिवाळीआधी भंगारवाला येणार. यातलं काय ठेवायचं, आणि ठेवायचं तर कसं वाचवायचं, असं विचारलंय. सोबत चार फोटो आहेत.

मी १९८९ पासून बेळगावात कॉम्प्युटर आणि टीव्ही गेम दुरुस्त करतो. अलीकडे दुरुस्तीपेक्षा जुन्या फ्लॉप्या आणि टेप वाचून देण्याचंच काम जास्त असतं. त्या अनुभवावर सांगतो: काहीही टाकू नका, आणि काहीही चालू करून बघू नका. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. भंगारवाल्यानं नेलेली वस्तू कधीकधी परत मिळते. उत्सुकतेपोटी ड्राइव्हमध्ये घातलेली बुरशी लागलेली फ्लॉपी परत मिळत नाही.

सगळ्यात आधी तो ३८६. त्याला लाइटीला जोडू नका. झाकण काढा आणि मदरबोर्डवर करंगळीच्या पेराएवढी, निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकात गुंडाळलेली बॅटरी शोधा. ती निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची असते. इतक्या वर्षांत ती गळलेलीच असणार. तिच्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात पुढे सरकतो. पावसाळ्यातल्या दमटपणात तर हे काम थांबतच नाही. कटरने तिचे पाय कापून ती आजच बाहेर काढा. निळसर-हिरवी पूड दिसली तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडं पाणी घालून इअरबडने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. हातमोजे घाला. हार्डडिस्क काढून जाड कागदात गुंडाळा आणि तिच्या लेबलचा स्पष्ट फोटो घ्या. सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे त्यावर असतात आणि पुढे तेच लागतात. बाकी कॉम्प्युटर तूर्त तसाच असू द्या.

आता ट्रंक. सामान उपसायला सुरुवात करण्याआधी ट्रंक उघडी करून वरून फोटो घ्या. एक थर उचलला की पुन्हा फोटो. कुठली फ्लॉपी कुठल्या वहीत खोचलेली होती, कुठली बिलबुकाच्या रबरबँडमध्ये होती, हीसुद्धा माहिती आहे आणि ती फक्त पहिल्यांदा उघडतानाच मिळते. वस्तूंवर स्टिकर चिकटवू नका, डिंक पुढे डाग धरतो. पेन्सिलीने नंबर घातलेली चिठ्ठी सोबत ठेवा. उन्हात वाळवायचा मोह आवरा. आपल्याकडे पावसाळा सरला की गाद्या आणि पापड-सांडग्यांसोबत सगळंच गच्चीत टाकायची सवय आहे, पण फ्लॉपीची चकती उन्हाने वाकते. कोरडी खोली, पंखा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरेल.

फ्लॉप्यांवर थोडं सविस्तर लिहितो, कारण नुकसान होतं ते बहुतेक इथंच.

फोटोत दोन जाती दिसतात. मोठी, लवचीक सव्वापाच इंची आणि कडक प्लास्टिकची साडेतीन इंची. दोन्हींना चुकून लिहिलं जाऊ नये म्हणून कुलूप लावता येतं, पण दोघींची रीत उलटी आहे. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी असली की ती सुरक्षित. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच बंद असली, म्हणजे तिच्यावर पट्टी लावली, की ती सुरक्षित. हे उलटसुलट झालं म्हणून पुसल्या गेलेल्या फ्लॉप्या माझ्या टेबलावर आल्या आहेत. आज चुकूनही घालणार नसलात तरी आधी सगळ्यांना कुलूप लावा.

मग प्रत्येक फ्लॉपीची चकती उजेडात बघा. साडेतीन इंचीचं पत्र्याचं दार सरकवून मधलं चक्र बोटाने हळू फिरवा. पृष्ठभाग गडद तपकिरी आणि आरशासारखा साफ दिसायला हवा. पांढुरके ठिपके किंवा जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. माळ्यावर ठेवलेल्या सामानात ती हमखास सापडते, खानापूरकडच्या घरांत तर दहातल्या सहा फ्लॉप्यांवर मी ती पाहिली आहे. अशा फ्लॉप्या वेगळ्या डब्यात ठेवा. २०११ च्या जुलैत एका गृहस्थांच्या फ्लॉप्या मी न बघता ड्राइव्हमध्ये घातल्या होत्या. पहिलीची बुरशी हेडला चिकटली आणि त्या घाणेरड्या हेडने पुढच्या दोन फ्लॉप्यांवर गोल चरे ओढले. तीनही गेल्या. त्यातल्या एकीवर त्यांच्या वारलेल्या भावाने लिहिलेला प्रोग्राम होता. तेव्हापासून प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसल्याशिवाय मी दुसरी घालत नाही. बुरशी लागलेली चकती कव्हर उघडून बाहेर काढावी लागते, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावी लागते आणि दुसऱ्या स्वच्छ कव्हरात बसवून वाचावी लागते. हे काम घरी करू नका.

वाचायचं कसं, तर साध्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने तर नकोच. फ्लॉपीवर शून्य आणि एक थेट लिहिलेले नसतात. चुंबकाची दिशा कुठे पालटते एवढंच तिथं असतं. साधा ड्राइव्ह त्याचा अर्थ लावून फाइल देतो, आणि अर्थ लागला नाही की वाचता येत नाही म्हणून हात वर करतो. आम्ही ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड वापरतो. कीर फ्रेझर यांनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. जुन्या ड्राइव्हला जोडला की तो दोन पालटांमधला वेळच नोंदवून घेतो. ही नोंद मूळ फ्लॉपीपेक्षा कित्येक पट मोठी होते. साडेतीन इंची फ्लॉपीत ८० ट्रॅक, दोन बाजू, १८ सेक्टर आणि प्रत्येकी ५१२ बाइट मिळून १४,७४,५६० बाइट मावतात, तिची नोंद कितीतरी मेगाबाइटची होते. पण फायदा मोठा आहे. फ्लॉपी एकदाच फिरवायची, अर्थ मात्र नंतर सावकाश, हवा तितक्या वेळा लावता येतो.

मामांच्या फ्लॉप्यांवर विकत न घेतलेले परदेशी गेमही असणार. डिगर तर असणारच, तो नव्हता असा क्लास मी पाहिला नाही. कॅनडाच्या विंडमिल सॉफ्टवेअरने १९८३ साली तो काढला तेव्हा त्याची फ्लॉपी स्वतःच मशीन सुरू करायची, तिच्यात डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या, फाइली नव्हत्या. आपल्याकडे पोचला तो कोणीतरी फोडून एका फाइलीत बसवलेला डिगर. मशीन वेगवान झाल्यावर तो खेळता येईना, इतका पळायचा. १९९८ मध्ये अँड्र्यू जेनर यांनी तो उलगडून नव्या मशीनवर चालेल असा केला. पण मामांकडची फोडलेली प्रत वाईट म्हणून तिच्या जागी नेटवरची चांगली प्रत ठेवू नका. निपाणीच्या मुलांनी खेळला तो हाच. फोडणाऱ्याने सुरुवातीला टाकलेलं आपलं टोपणनाव, मामांनी बदललेलं फाइलीचं नाव, फ्लॉपीच्या लेबलवरचं अक्षर यांतून ही प्रत कोणाकडून कोणाकडे गेली ते कळतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा माल आणि बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरचा माल असे दोन्ही प्रवाह आमच्या भागात बसच्या पार्सलने येऊन मिळायचे, तिसरा गोव्यातून, जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या बॅगेतून. ही वाट कुठल्याच पुस्तकात नाही. ती अशा लेबलांवर आहे.

मामांच्या स्वतःच्या गेमच्या फ्लॉप्या मिळतील तेव्हा नुसत्या दिसणाऱ्या फाइली कॉपी करून थांबू नका, अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे मोकळ्या दिसणाऱ्या जागेसकट हुबेहूब नक्कल, घ्या. कारण डॉसमध्ये फाइल पुसली की फाइल जात नाही. यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर जाऊन तिथं एक खूण बसते आणि जागा मोकळी झाली अशी नोंद होते. वरून दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर मजकूर तसाच पडून असतो. म्हणजे मामांनी पहिल्यांदा लिहिलेला आणि मग रद्द केलेला गेमही त्याच फ्लॉपीवर निघू शकतो. प्रोग्राम लिहायला टर्बो सी वापरलं असेल तर जतन करताना आधीची आवृत्ती बॅक या शेपटीने वेगळी राहते, तीही बघा. जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्रामची भाषा वापरली असेल तर फाइल नोटपॅडमध्ये कचऱ्यासारखी दिसेल. घाबरू नका, ती बिघडलेली नाही. बेसिक आपल्या आज्ञा एकेका आकड्यात आवळून ठेवतं. जीडब्ल्यू-बेसिकमध्येच उघडून सेव्हच्या आज्ञेत नावापुढे स्वल्पविराम आणि ए लिहून साठवली की साधा वाचता येणारा मजकूर मिळतो. मूळ आवळलेली फाइलही जपा. आणि फाइलीची तारीख १ जानेवारी १९८० दिसली तर मामांनी गेम १९८० साली लिहिला असं नोंदवू नका. घड्याळाची बॅटरी नसली की डॉस त्याच तारखेपासून मोजायला लागतो.

आता तुमच्या तिसऱ्या फोटोबद्दल. तुम्ही तो सहज जोडलाय, खाली "आणखी दोन वह्या" एवढंच लिहिलंय. माझ्या मते ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू ती आहे.

चौकटीची वही. पानावर सोळा घरं रुंद, सोळा घरं उंच असा चौकोन आखलाय आणि त्यात पेन्सिलीने घरं काळी करून ळ काढलाय. फोटो मोठा करून बघा. प्रत्येक ओळीसमोर दोन आकडे आहेत. एका ओळीसमोर ६० आणि ० लिहिलंय. आठ घरांचा एक बाइट. घरांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. मधली चार घरं काळी म्हणजे ३२ अधिक १६ अधिक ८ अधिक ४, बरोबर ६०. उजवीकडची आठ घरं रिकामी, म्हणून ०. मामांनी मराठीचं एकेक अक्षर असं घराघराने रंगवलं, बेरजा केल्या आणि ते आकडे प्रोग्रामात भरले. ज्याच्याकडे पैसा होता त्याने त्या काळी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड घेतलं. ते कार्ड बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. तालुक्याच्या गावात क्लास चालवणाऱ्याला ते परवडत नव्हतं, त्याने पेन्सिल घेतली.

जिस्टबद्दल एक सांगून ठेवतो, ट्रंकेत त्याच्या फाइली निघाल्या तर उपयोगी पडेल. त्या इस्की या भारतीय मानकात असतात, आयएस १३१९४, साल १९९१. आजच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की युरोपीय टोप्या-टिंबांची अक्षरं दिसतात. लोक त्याला व्हायरस समजून पुसतात. पुसू नका, बदलून देणारे छोटे प्रोग्राम मिळतात. इस्कीत क ची जागा १७९, आणि ती देवनागरीतही १७९, कन्नडमध्येही १७९. लिपी कुठली दाखवायची एवढंच बदलायचं. आपल्या भागासाठी ही किती सोयीची गोष्ट होती ते तुमच्या चौथ्या फोटोवरून कळतं. वहीच्या मागच्या पानांवर कन्नड अक्षरंही तशीच चौकटीत रंगवलेली आहेत. म्हणजे मामांना जिस्ट असतं तर जे एका बटणावर झालं असतं, ते त्यांनी दुसऱ्यांदा हाताने केलं. कन्नड शाळांसाठीही हा गेम निघाला होता का? बिलबुकात कुठल्या शाळांची नावं आहेत ते बघा, उत्तर तिथं मिळेल.

या वहीला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दर पान सहाशे डीपीआयला रंगीत स्कॅन करा, खोडलेली आणि कोरी पानंसुद्धा. पेन्सिल पुसट होते, म्हणून हे काम फ्लॉप्यांइतकंच घाईचं आहे.

जॉर्डन मेकनर यांचा प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ चा. आपल्याकडच्या प्रत्येक क्लासमध्ये तो असायचा. त्याचा मूळ प्रोग्राम हरवला असंच लेखकालाही वाटत होतं. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरच्या कपाटात खोका सापडला, त्यात साडेतीन इंची फ्लॉप्या होत्या. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ यांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला झाला. जगभर गाजलेल्या गेमचा मूळ लेख एका घरच्या कपाटात वीसेक वर्षं होता आणि वडिलांनी खोका टाकला नाही म्हणून वाचला. मामांचा गेम लाखोंनी विकला नाही, पण त्याची दुसरी प्रत कुठल्याच संग्रहात नाही. तुमच्या माळ्याखेरीज ती कुठे असलीच तर एखाद्या शाळेच्या अडगळीत.

परदेशी गेमांचं तसं नाही. तिकडे हे काम करणारी माणसं आणि संस्था आहेत. पार्लरमधल्या मशीनचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा मेम हा प्रकल्प निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केला. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या द स्ट्राँग संग्रहालयात कॅरल शॉ यांच्यासारख्या सुरुवातीच्या प्रोग्रामरचे कागदसुद्धा जपलेत. तरीही व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं तेव्हा अमेरिकेत २०१० आधी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळत नाहीत असं निघालं. जिथं संस्था, पैसा आणि कायदेपंडित आहेत तिथली ही स्थिती. आपल्याकडचं काम आपल्यालाच करावं लागेल, आणि ते घरातूनच सुरू होतं.

गेमच्या कॅसेटी. तुमच्याकडे आहेत त्या बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या नकलांच्या, साठ पिनांच्या. आपण त्यांना समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी ओळखलं. कॅसेटीत फुंकर मारू नका. सगळ्यांना वाटायचं फुंकर मारली की चालते. प्रत्यक्षात काढून पुन्हा घातली की संपर्क नीट बसायचा, आणि फुंकरीतला ओलावा पिना गंजवायचा. खोडरबरही घासू नका, वरचा पातळ मुलामा जातो. अल्कोहोलचा इअरबड पुरे. उघडल्यावर बहुतेकींच्या आत चिप दिसणारच नाही, काळ्या डांबरासारखा थेंब दिसेल, त्याखाली चिप आहे. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. "९९९९ इन वन" लिहिलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच गेम असतात, तेच वेगळ्या लेव्हलपासून सुरू करून यादी फुगवलेली असते. अशा कॅसेटींची अंतर्गत रचना एकसारखी नसते, म्हणून त्या नोंदवणं काँट्रासारख्या एकाच गेमची सुटी कॅसेट नोंदवण्यापेक्षा महत्त्वाचं. एखाद्या चिपला काचेची गोल खिडकी आणि त्यावर कागदी पट्टी दिसली तर पट्टी काढू नका. ती ईप्रॉम आहे, अतिनील उजेडाने तिच्यातलं पुसतं.

फोटोच्या कोपऱ्यात एक मोठा हिरवा बोर्ड दिसतोय, नाण्याच्या मशीनमधला वाटतो. त्याच्यावर बॅटरी असेल तर तिला हात लावू नका. कॉम्प्युटरची बॅटरी आज कापा म्हणालो, हिची मुळीच काढू नका. हा बोर्ड मुस्तफा या गेमचा असू शकतो, तो खेळला नाही असा त्या पिढीतला मुलगा आमच्याकडे नाही. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. मूळ बोर्डात आवाजाच्या प्रोसेसरचा प्रोग्राम सांकेतिक केलेला असतो आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या जोरावर टिकून असते. बॅटरी संपली किंवा काढली की किल्ली गेली. आमच्याकडे आलेले बहुतेक बोर्ड नक्कल केलेले, त्यांत ही भानगड नसे. तरी कुठला आहे ते कळेपर्यंत थांबा. आणि नोंदीत "मुस्तफा" हेच नाव आधी लिहा, इंग्रजी नाव नंतर. इथली माणसं शोधतील ती मुस्तफाच शोधतील. गावाच्या बाबतीतही तसंच, बेळगाव आणि बेळगावी दोन्ही लिहा. २०१४ पासून सरकारी नाव बदललं आहे, मामांच्या बिलांवर मात्र बेळगाव जिल्हाच असणार.

आता स्वतः मामा. तुम्ही लिहिलंय की त्यांना विचारलं तर "रद्दी हाय ती, काय बघतंयस" म्हणतात. बहुतेक असंच म्हणतात. त्यांच्यासमोर प्रश्नांची यादी घेऊन बसू नका, वही घेऊन बसा. ळ चं पान उघडून पुढ्यात ठेवा आणि हे कसं केलंत एवढंच विचारा. हाताला वस्तू लागली की माणूस बोलायला लागतो, सालं आपोआप येतात: "तेव्हा क्लास स्टँडच्या मागे होता", "थोरलीचं लग्न ठरलेलं त्या वर्षी". त्यावरून साल काढणं तुमचं काम. मोबाइल चालेल, पण त्यांच्याजवळ ठेवा, पंखा बंद करा आणि आवाज न आवळता साठवणारं ॲप वापरा. मामा मराठीतून कन्नडात जातील, मध्येच हिंदी येईल. लिहून काढताना ते सारखं करू नका. दुकानदाराशी भाव करताना ते कुठल्या भाषेत बोलले हासुद्धा या धंद्याचा इतिहास आहे.

नावं विचारा. गेम बनवणारी अमेरिकेची अटारी कंपनी प्रोग्रामरचं नाव गेमवर छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी १९८० च्या ॲडव्हेंचर या गेममध्ये एका लपवलेल्या खोलीत स्वतःचं नाव ठेवलं. त्याच्या आदल्याच वर्षी डेव्हिड क्रेन आणि आणखी तिघांनी अटारी सोडून ॲक्टिव्हिजन काढली, त्यातही श्रेय न मिळणं हे एक कारण होतं. मामांच्या गेमच्या पहिल्या पडद्यावर कोणाचं नाव आहे? शब्द कोणी निवडले, टायपिंग कोणी केलं, क्लासमधल्या कुठल्या मुलांनी खेळून चुका काढल्या? फ्लॉप्यांच्या प्रती रात्री बसून कोण काढत होतं? मामींना वेगळं विचारा. मी घेतलेल्या अशा बहुतेक मुलाखतींत लेबल चिकटवणं, पाकिटं भरणं, शाळांच्या पैशांचा हिशेब ठेवणं हे घरातल्या बाईने केलेलं निघालं आणि पुरुषाने ते सांगितलं नव्हतं.

बोलण्यात नकली माल, उधारी, कोणी कोणाला फसवलं हेही येईल. ते थांबवू नका, पण मामांशी बोलून कागदावर लिहून घ्या: कुठला भाग आत्ता ऐकवायचा, कुठला दहा वर्षांनी, कुठला घरातच ठेवायचा. त्यांची सही घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मामांनी स्वतः लिहिलेल्या गेमचा हक्क मामांचा, त्यांच्या हयातीनंतरही ६० वर्षं. म्हणून प्रसिद्ध करायला त्यांची लेखी परवानगी आत्ताच घ्या, ती एका पानाची पुरते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार प्रोग्रामची प्रत कायदेशीर बाळगणाऱ्याला नाशापासून संरक्षण म्हणून बॅकअप घेता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ना-नफा वाचनालयालाही आपल्याकडच्या कागदी ऐवजाची डिजिटल प्रत जपता येते, त्यामुळे वह्या आणि बिलबुकं पुढे वाचनालयाला देणं शहाणपणाचं. नकली कॅसेटींना ही सवलत लागू पडते असं मी म्हणणार नाही. त्या वस्तू म्हणून जपा, फोटो आणि वर्णन लिहा, आतला गेम कुठे चढवू नका.

साठवणीसाठी तीन प्रती ठेवा. एक तुमच्या लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावात, म्हणजे तुमच्या पुण्याच्या खोलीत किंवा भावाकडे. प्रत्येक फाइलीची शा-२५६ बेरीज, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, काढून एका साध्या यादीत लिहा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. बेरीज जुळली नाही की कुठली प्रत बिघडली ते कळतं. मामांची परवानगी मिळाली की गेम आणि वही इंटरनेट आर्काइव्हवर ठेवा, प्रोग्रामचा मजकूर सॉफ्टवेअर हेरिटेजमध्ये. फ्रान्समध्ये २०१६ साली सुरू झालेला हा संग्रह प्रोग्रामच जपण्यासाठी आहे.

फ्लॉप्या पोस्टाने किंवा बस पार्सलने पाठवू नका, स्वतः घेऊन या. निपाणीहून बेळगाव दीड-दोन तासांचा रस्ता. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते तेव्हा या, दिवाळीला अवकाश असेल. सव्वापाच आणि साडेतीन इंची दोन्ही ड्राइव्ह मी पुसून तयार ठेवतो. जमलं तर मामांनाही आणा, त्यांच्या फ्लॉप्या त्यांच्यासमोर वाचलेल्या बऱ्या. आणि एक त्यांना आधीच विचारून ठेवा. त्या पानावर ळ दोनदा काढलाय. पहिल्यावर तिरपी काट मारली आहे, पण आकडे दोन्हींसमोर आहेत, आणि काट मारलेला मला तरी जास्त देखणा वाटतोय. तो का बदलला?